वेग किती, मोल किती?

घरच्या संगणकासाठी एसएसडी निवडताना केलेला पेन्सिल-कागदाचा हिशेब

आमच्या घरातला जुना संगणक सुरू करायची एक रीतच ठरून गेली होती. बटण दाबायचे, स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवायचे आणि चहा गाळून कप घेऊन परत यायचे. तोवर पडद्यावर चित्र उमटलेले असायचे. यजमानांचे डीटीपीचे काम याच संगणकावर चालते. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड अशा लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, दुकानांच्या पावत्या. बेळगावात दोन्ही लिप्या जुळवणाऱ्याला काम कमी पडत नाही.

याच संगणकात घरातले फोटो होते आणि आईच्या आवाजातल्या चौदा फायली होत्या. आई जाण्याआधी दोन वर्षे आम्ही तिला बोलते केले होते. माहेरच्या गोष्टी, सणांच्या रीती, पुरणाच्या कटाचे प्रमाण असे सारे त्यात होते. बोलायला लागायची मराठीत आणि शेजारणीची आठवण निघाली की वाक्याच्या मधेच कन्नडवर जायची. तिच्या लक्षातही यायचे नाही.

गेल्या श्रावणात एके दिवशी संगणकातून ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येऊ लागला. अक्काचा मुलगा हुबळीला इंजिनीअरिंग शिकतो आणि सुटीत लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याला फोनवर तो आवाज ऐकवला. तो म्हणाला, “मावशी, आधी संगणक बंद कर. ती हार्ड डिस्क आता पाहुणी आहे.”

रविवारी तो आला, सोबत भावोजीही आले. आमच्यासाठी आणि त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपसाठी नव्या एसएसडी घ्यायच्या ठरल्या. भाच्याचे मन सेकंदाला १४,००० एमबी वेगाच्या ड्राइव्हवर बसले होते. भावोजींनी किंमत विचारली, क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, “हासिगे इद्दष्टु कालु चाचु.” माझ्या तोंडी ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ आलेच होते. म्हण दोन्ही घरांत एकच. पण अंथरूण केवढे आणि पाय केवढे, हे मोजल्याशिवाय म्हणीचा उपयोग नाही. म्हणून तीन संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन मी भाच्याला प्रश्न विचारत बसले. त्यातून जे समजले, ते आपल्या वाचकांसाठी.

चकती आणि चिप

हार्ड डिस्कमध्ये फिरणारी चकती असते आणि तिच्यावरून सरकणारा एक बारीक दांडा असतो. ग्रामोफोनची आठवण यावी असा प्रकार. माहिती हवी असेल तर दांडा योग्य जागी जायला हवा आणि चकतीचा तो भाग फिरून त्याच्याखाली यायला हवा. लॅपटॉपमधल्या जुन्या चकत्या मिनिटाला ५,४०० फेरे घेत. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. दांडा सरकण्याचा वेळ धरला तर प्रत्येक शोधाला साधारण १५ मिलिसेकंद जातात.

एसएसडीत फिरणारे काही नाही. त्यात फ्लॅश मेमरीच्या चिप्स असतात. ही मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. आजच्या एसएसडीत असते ती नॅन्ड जातीची फ्लॅश १९८७ मध्ये जगापुढे आली. वीज गेली तरी या चिपमधली माहिती राहते. २००८ साली इंटेलने एक्स२५-एम ही ८० जीबीची एसएसडी आणली, तेव्हा घाऊक खरेदीतला तिचा भाव ५९५ डॉलर होता. आज त्याच्या कितीतरी कमी पैशांत त्याच्या बारापट जागा मिळते.

बाजारात आज मुख्यतः चार पायऱ्या दिसतात. पहिली साटा. ही अडीच इंची चपटी डबी जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसते आणि सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते. त्यापुढची एनव्हीएमई. ही च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब. तिच्यात तीन पिढ्या आहेत. तिसऱ्या पिढीची सुमारे ३,५०० एमबी, चौथीची सुमारे ७,००० आणि पाचवीची १४,००० च्या पुढे. सॅमसंगची ९९० प्रो ही चौथ्या पिढीची ड्राइव्ह वाचताना ७,४५० एमबीपर्यंत जाते. त्याच कंपनीने २०२५ मध्ये आणलेली ९१०० प्रो ही पाचव्या पिढीची ड्राइव्ह १ टीबीच्या रूपात १४,७०० पर्यंत जाते.

५० जीबीचा हिशेब

आकडे ऐकून डोळे दिपतात. म्हणून भाच्याला म्हटले, मला एमबी नको, वेळ सांग. समजा एका लग्नाच्या व्हिडिओची ५० जीबीची फाइल वाचायची आहे. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. ५०० एमबी धरली तर साटा एसएसडीला १०० सेकंद लागतील. तिसऱ्या पिढीला सुमारे १४ सेकंद, चौथीला ७ आणि पाचवीला साडेतीन.

आता यातली बचत बघा. हार्ड डिस्कवरून साटावर आलो की ४०० सेकंद वाचतात. साटावरून तिसऱ्या पिढीवर गेलो की ८६. तिसरीवरून चौथीवर गेलो की फक्त ७ आणि चौथीवरून पाचवीवर गेलो की साडेतीन. खोक्यावरचा आकडा दरवेळी निदान दुप्पट होतो, पण आपल्या हातात पडणारा वेळ दरवेळी आटत जातो. किंमत मात्र आटत नाही, उलट चढते.

त्यातही एक गोम आहे. फाइल जिथून येते तो मार्ग संथ असेल तर वेगवान ड्राइव्ह नुसती वाट पाहत बसते. भाच्याच्या कॅमेऱ्याचे कार्ड सेकंदाला ९० एमबी देते. एका लग्नाचे ३०० जीबीचे चित्रण त्यावरून उतरवायला सुमारे ५५ मिनिटे लागतात. मग पुढे साटा असो की पाचव्या पिढीची एसएसडी, ५५ मिनिटांची ५४ होत नाहीत. हे ऐकल्यावर तो थोडा वरमला.

खोक्यावर मोठ्या अक्षरात न छापलेला आकडा

रोजच्या वापरात आपण ५० जीबीची सलग फाइल कितीदा वाचतो? संगणक सुरू होताना, फॉन्ट उघडताना, ब्राउझर चालताना हजारो बारीकसारीक तुकडे इकडून तिकडून गोळा केले जातात. म्हणून खरा प्रश्न हा, की विखुरलेला छोटा तुकडा एकामागून एक किती भरभर सापडतो.

१५ मिलिसेकंदाला एक या हिशेबाने हार्ड डिस्क सेकंदाला सत्तरएक तुकडे आणते. साटा एसएसडीला एका तुकड्यामागे साधारण दशांश मिलिसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला दहा हजारांच्या घरात. चांगली एनव्हीएमई त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे चकतीवरून चिपवर आलो की फरक शंभरपटीहून जास्त आणि चिपवरून अधिक वेगवान चिपवर गेलो की दुपटीच्या मागेपुढे. चहाचे आधण ठेवायची गरज पहिल्याच उडीत संपते. दुसऱ्या उडीत वाचतो तो एखादा घोट.

ओसरी आणि माजघर

मग महाग आणि स्वस्त एसएसडीत फरक काय? तो चिपच्या आत आहे. चिपमधल्या एका खणात किती बिट कोंबले, त्यावर जात ठरते. तीन बिट असतील तर टीएलसी, चार असतील तर क्यूएलसी. चार बिट कोंबले की त्याच चिपमध्ये जास्त माहिती मावते, ड्राइव्ह स्वस्त पडते. पण लिहायला वेळ लागतो आणि खण लवकर झिजतो.

हा संथपणा झाकण्यासाठी ड्राइव्हचा काही भाग एका खणात एकच बिट ठेवून वापरतात. त्याला कॅशे म्हणतात. लग्नघरी पाहुणे आले की त्यांच्या बॅगा आधी ओसरीवर ठेवतो आणि सवडीने माजघरात नेतो, तसाच हा प्रकार. ओसरी रिकामी आहे तोवर सगळे झटपट होते. ती भरली की दारात रांग लागते.

सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी ड्राइव्हचे उदाहरण घ्या. कंपनीने आपल्या माहितीपत्रकात हे स्पष्टच दिले आहे. १ टीबीच्या ड्राइव्हमध्ये ही ओसरी जास्तीत जास्त ४२ जीबीची. ती भरेपर्यंत लिहिण्याचा वेग ५३० एमबी आणि भरल्यानंतर ८०. म्हणजे चांगल्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी! पत्रिका जुळवणाऱ्याला हे कधी जाणवणारही नाही, कारण तो एका बैठकीत ४२ जीबी लिहीतच नाही. व्हिडिओवाल्याला मात्र पहिल्याच लग्नात जाणवेल. ड्राइव्ह काठोकाठ भरली की ओसरीही आकसते. म्हणून एसएसडीत थोडी जागा रिकामी ठेवावी.

आयुष्याचा हिशेब

एसएसडीच्या खणांत किती वेळा लिहिता येईल, याला मर्यादा असते. ती कंपनी टीबीडब्ल्यू या आकड्यात सांगते, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंत हमी आहे. हमी वर्षांतही असते. दोन्हींपैकी जे आधी संपेल ते खरे. ९९० प्रोच्या १ टीबी ड्राइव्हला ५ वर्षे किंवा ६०० टीबी. क्रुशल पी३ प्लस या क्यूएलसी ड्राइव्हला १ टीबीमध्ये ५ वर्षे किंवा २२० टीबी.

आमच्या घरी दिवसाला फार तर २० जीबी लिहिले जाते. त्या हिशेबाने २२० टीबी संपायला ३० वर्षे लागतील आणि ६०० टीबी संपायला ८२. थोडक्यात, घरगुती वापराला दोन्ही पुरून उरतात. जास्त आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

भाच्याचे वेगळे. हंगामात तो दिवसाला ३०० जीबी लिहितो. रोज तसे लिहिले तर २२० टीबी दोन वर्षांत संपतील आणि ६०० टीबी साडेपाच वर्षे जातील. आता केवळ हिशेबापुरते धरा, की पहिली ड्राइव्ह ५,००० रुपयांना आहे आणि दुसरी ७,००० ला. लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक टेराबाइटमागे पहिलीला सुमारे २३ रुपये पडले आणि दुसरीला १२ सुद्धा नाहीत. दुकानात महाग दिसणारी ड्राइव्ह त्याच्या कामाला स्वस्त ठरली. मोल ठरते ते आपल्या कामावरून, पाटीवरच्या किमतीवरून नाही.

प्रत्यक्ष भाव इथे मुद्दाम देत नाही. २०२३ मध्ये या चिप्स खूप स्वस्त झाल्या होत्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि भाव पुन्हा चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने क्रुशल या नावाने किरकोळ ग्राहकांना विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. विकलेल्या मालाची हमी पाळू, असेही कंपनीने सांगितले. तेव्हा भाव त्या दिवशी चार ठिकाणी विचारूनच घ्यावा.

खाच बघून घ्या

भाच्याचा १४,००० चा हट्ट अखेर एका साध्या गोष्टीने सुटला. त्याच्या लॅपटॉपची खाच चौथ्या पिढीची निघाली. पाचव्या पिढीची ड्राइव्ह तिच्यात बसते, चालतेही, पण चौथीच्याच वेगाने. गाडी कितीही जोरात पळणारी घेतली तरी गल्लीतून गल्लीच्याच वेगाने जाणार. शिवाय पाचव्या पिढीच्या ड्राइव्ह जोरात चालताना तापतात. त्यांना बहुधा उष्णता घालवणारी धातूची पट्टी लावावी लागते, तिला लॅपटॉपमध्ये जागा नसते. फार तापली की ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करते.

उलट आमच्या जुन्या संगणकात पट्टीची खाचच नव्हती. त्यामुळे साटाची डबी, एवढाच पर्याय होता. एक घोटाळा मात्र टाळा. पट्टीच्या आकाराच्या सगळ्याच ड्राइव्ह एनव्हीएमई नसतात, काही साटाही असतात. काही लॅपटॉपना आखूड पट्टी लागते. म्हणून संगणकाचे मॉडेल लिहून घेऊनच दुकानाची पायरी चढावी.

आणखी एक. एसएसडी घातली म्हणजे जुना संगणक चपळ होतो, नवा होत नाही. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाहीत. आमचे यंत्र त्यातलेच. त्यावर आता फक्त पत्रिका जुळवतात, इंटरनेटची तार काढून ठेवली आहे. बँकेचे काम त्यावर करायचे नाही, हे घरात सगळ्यांना बजावले आहे.

स्वस्तातले महाग

शेजारच्या एकाने मोठ्या हौसेने ‘१६ टीबी’ची खिशात मावणारी एसएसडी मागवली होती, दोन हजारांच्या आत. कुठून, ते सांगत नाही. फोटो भरले, नावे दिसत होती, उघडायला गेले तर निम्मे कोरे. आतून निघाले एक साधे मेमरी कार्ड. संगणकाला खोटे सांगायला ते शिकवलेले होते. खरा टेराबाइट इतका स्वस्त नसतो. नवी ड्राइव्ह घेतली की आधी पूर्ण भरून, परत वाचून पाहावी. त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन आहे. १ टीबीच्या ड्राइव्हवर विंडोज ९३१ जीबी दाखवते. ती मात्र फसवणूक नव्हे, मोजण्याच्या दोन पद्धतींचा फरक आहे.

शेवटी काय ठरले

आमच्या संगणकाला ५०० जीबीची साधी साटा एसएसडी. भाच्याला चौथ्या पिढीची १ टीबीची टीएलसी एनव्हीएमई. हट्टाच्या ड्राइव्हपेक्षा वाचलेल्या पैशांत दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या. हो, चकतीच्याच. भाचा हसला, “मावशी, पुन्हा जुन्याकडे?” पण त्यालाही कारण आहे. कपाटात ठेवून द्यायला एसएसडी हे योग्य भांडे नव्हे. वापरून आयुष्य संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच या उद्योगातल्या मानकाची अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह त्याहून पुष्कळ जास्त टिकवते, पण पुढच्या पिढीसाठी म्हणून तिच्यावर विसंबू नये. शिवाय बिघडायच्या आधी हार्ड डिस्क बहुधा कुरकुरते. एसएसडी काल चालत होती आणि आज नाही, असे होऊ शकते. तिच्यातले पुसलेले परत मिळवणेही फार अवघड असते.

टक्‌ टक्‌ करणाऱ्या डिस्कमधून भाच्याने आधी फक्त आईच्या फायली आणि फोटो काढायला घेतले. पत्रिका वगैरे नंतर. संबंध दुपार गेली. चौदापैकी बारा आल्या, दोन आल्या नाहीत. त्या दोनपैकी एकीत आई अक्काच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. भावोजींच्या घरचे पहिल्यांदा बघायला आले तेव्हा हिला कन्नड येते की नाही म्हणून सगळे कसे गप्प बसले होते, आणि आईनेच कन्नडमध्ये “चहा घेणार ना?” विचारून सगळ्यांना कसे मोकळे केले. आता ती गोष्ट अक्काने आणि भावोजींनी सांगायची आणि आम्ही रेकॉर्ड करायची, असे ठरले आहे.

एक डिस्क आमच्याकडे, एक अक्काकडे हुबळीला. दर तीन महिन्यांनी दोन्ही संगणकाला लावून उघडतात का ते बघायचे. नवा संगणक आता वीसएक सेकंदांत सुरू होतो. चहा मी नंतर, सावकाश करते. आईची फाइलही क्षणात उघडते. तिचे बोलणे मात्र पूर्वीइतकेच निवांत चालते.

खरेदीला जाण्याआधी

• संगणकाचे मॉडेल आणि खाचेचा प्रकार लिहून घ्या.
• हार्ड डिस्कवरून येत असाल तर कोणतीही चांगली एसएसडी मोठा फरक करील.
• घर, शाळा, पत्रव्यवहार, हिशेब एवढेच काम असेल तर साटा किंवा साधी एनव्हीएमई पुरे.
• व्हिडिओचे काम असेल तर चौथ्या पिढीची टीएलसी घ्या आणि टीबीडब्ल्यू आकडा बघा.
• पाचवी पिढी घेण्याआधी खाच, उष्णता आणि फाइल येण्याचा मार्ग तिन्ही तपासा.
• किमतीला टेराबाइटने भागा. जास्त लिहिणाऱ्यांनी टीबीडब्ल्यूनेही भागून बघा.
• पक्के बिल आणि हमी घ्या. न पटणाऱ्या भावात न पटणारी जागा घेऊ नका.
• दुसऱ्या प्रतीचे पैसे आधी बाजूला काढा. उरतील त्यातून वेग घ्या.